भाड्याचा संगणक : दर्जा आणि खर्च यांचा मेळ

(संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे झालेल्या व्याख्यानमालेत संगणक उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधीच्या वक्त्यांनी बडोद्यातील मराठी वस्तीचा इतिहास, येथील गायनपरंपरा, सयाजीराव महाराजांची ग्रंथालये अशा रसाळ विषयांवर आपणांस तृप्त केले. आमच्या वाट्यास मात्र जमाखर्चाचा विषय आला आहे. तो टाळण्याजोगा नव्हता. गेल्या दोन वार्षिक सभांत एका सभासदांनी विचारले, “संगणकाच्या भाड्यापायी संस्था इतके पैसे का घालते?” आणि त्यांच्या शेजारीच बसलेल्या दुसऱ्या सभासदांनी विचारले, “इतके पैसे घालूनही ते ऐन वेळी अडते का?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण एवढीच की, एकाचे समाधान करावयास जावे तर दुसरा रुष्ट होतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा हे आम्ही ठेचा खाऊन थोडेबहुत शिकलो. तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम, ही वस्तू काय आहे ते पाहू. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण त्यात ढगाचा काही संबंध नाही. दूरच्या गावी मोठमोठ्या इमारतींतून हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांतील थोडी जागा व थोडी शक्ती आपण भाड्याने घेतो आणि वापरू तेवढ्याचे पैसे देतो. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली हा व्यवहार सर्वांस खुला केला. मागाहून मायक्रोसॉफ्ट, गूगल आदी कंपन्या त्यात उतरल्या. मुंबईत ॲमेझॉनचे केंद्र २०१६ साली आणि गूगलचे २०१७ साली सुरू झाले. भारत सरकारनेही आपल्या खात्यांसाठी अशी योजना आखली आणि तिला ‘मेघराज’ असे नाव दिले.

आपली संस्था या वाटेस कशी लागली, हे जुन्या सभासदांस सांगावयास नको. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस कोसळला आणि विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले. आपला संगणक तळमजल्यावरच्या कार्यालयात, टेबलाखाली होता. कागद आम्ही उन्हात वाळवले. संगणकाच्या तबकडीतला मजकूर मात्र वाळवता आला नाही. देणगीदारांची यादी आणि दोन वर्षांचे हिशेब पावतीपुस्तकांवरून पुन्हा उतरवून काढावे लागले. त्या घटनेनंतर दप्तर भाड्याच्या संगणकावर न्यावे असे ठरले, आणि ते योग्यच झाले.

येथून पुढे आमच्या चुकांचा अध्याय सुरू होतो. पहिली चूक भीतीपोटी झाली. हात पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, तसे आम्ही सगळेच उत्तमातले उत्तम घेतले. मोठे यंत्र, जलद साठवण, आणि तेही चोवीस तास, बारा महिने. शिष्यवृत्तीचे अर्ज वर्षातून एक महिना येतात. त्यासाठी घेतलेले यंत्र उरलेले अकरा महिने रिकामे धावत होते. एकदा चाचणीसाठी उघडलेले एक यंत्र दिवाळीच्या सुटीत बंद करावयाचे राहून गेले. सभागृहात दिवा राहिला तर रस्त्यावरून जाणाऱ्यास तरी दिसतो. हा दिवा फक्त बिलात दिसतो, आणि तोही महिना उलटल्यावर. ते बिल, आणि वर १८ टक्के वस्तू व सेवा कर, पाहून कोषाध्यक्ष काही वेळ बोललेच नाहीत.

दुसरी चूक पहिलीच्या उलट, आणि आमच्या मते अधिक मोठी. बिलाचा धसका घेऊन आम्ही सरसकट कात्री लावली. सर्व कामे एका लहानशा स्वस्त यंत्रावर आणून ठेवली. अशा काही स्वस्त यंत्रांची रीत अशी असते की, काम नसताना ती शक्तीची शिल्लक साठवतात आणि काम आले की ती शिल्लक खर्च करतात. शिल्लक संपली म्हणजे यंत्र बंद पडत नाही. पण त्याची गती पूर्ण शक्तीच्या एखाद्या अंशावर येते. एरवी हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षभर आमच्याही आले नाही. उलट, बिल कमी झाले म्हणून सभेत आमचे अभिनंदन झाले.

मग शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख आली. शेवटच्या संध्याकाळी निम्मे अर्ज येतात, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. सहाच्या सुमारास शिल्लक संपली आणि पान उघडेनासे झाले. डभोईच्या बाजूच्या एका खेड्यातील मुलगी तालुक्याच्या गावी येऊन संगणकाच्या दुकानात बसली होती. तिने तीन वेळा अर्ज भरला. तिन्ही वेळा अर्ध्यात अडला. शेवटची बस निघण्याची वेळ झाली तेव्हा ती उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुदत दोन दिवसांनी वाढवली, तशी सूचनाही लावली. पण ज्या पानावर अर्ज भरता आला नाही त्याच पानावर लावलेली सूचना तिने पुन्हा पाहावी तरी का? पुढे दिवाळीत तिच्या शिक्षकांनी चौकशी केली तेव्हा आम्हांस हा प्रकार कळला. तोवर निधीचे वाटप झाले होते. तिच्या वडिलांनी त्या वर्षीची फी उसनवारीने भरली. पुढल्या वर्षी तिला शिष्यवृत्ती मिळाली, हे खरे. पण गेले ते वर्ष गेलेच. आणि लहान यंत्र ठेवून त्या महिन्यात आम्ही जे वाचवले, तेवढ्यात तिच्या वह्याही आल्या नसत्या.

ही हकीकत आम्ही कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. यंत्र देणाऱ्या कंपनीने करारात लिहिले होते तेच दिले. वाचले नाही ते आम्ही. सांगावयाचे ते इतकेच की, त्या वर्षी बिलात बचत दिसली, आणि खर्च दुसऱ्याच्या घरी पडला. सेवेचा दर्जा आणि किंमत यांचा विचार करताना ही गोष्ट नेहमी निसटते. किंमत छापून येते. दर्जा कमी पडल्याचे मोल मात्र कोठल्याही बिलात छापून येत नाही. ते शोधून काढावे लागते, आणि ते शोधणे हेच सेवा घेणाऱ्याचे काम आहे.

आता दर्जा म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. कंपन्या तो टक्क्यांत सांगतात. सेवा ९९ टक्के वेळ चालू राहील असे म्हटले की आपणांस वाटते, आणखी काय हवे? शंभरापैकी ९९ गुण! पण तीस दिवसांच्या महिन्यात १ टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे होतात. ९९.९ टक्के म्हणजे महिन्यास सुमारे ४३ मिनिटे खंड, आणि ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ४ मिनिटे. दशांशापुढचा एकेक नऊ दिसावयास लहान. पण तो मिळवण्यासाठी यंत्रे दुप्पट ठेवावी लागतात, ती निरनिराळ्या इमारतींत ठेवावी लागतात, आणि खर्च त्या प्रमाणात चढतो.

शिवाय साखळीचा हिशेब निराळा. अर्जाचे पान एका सेवेवर, माहिती दुसरीवर, आणि पोच पाठवण्याचे काम तिसरीवर असेल, तर अर्ज पुरा होण्यास तिन्ही चालू हव्यात. प्रत्येकीची हमी ९९.९ टक्के धरली तरी तिन्हींचा गुणाकार ९९.७ टक्के येतो, म्हणजे महिन्यास दोन तासांहून अधिक खंड. याउलट, ९९ टक्क्यांची दोन यंत्रे एकमेकांची जागा घेतील अशी ठेवली, आणि दोन्ही एकाच कारणाने बंद पडणार नाहीत एवढी काळजी घेतली, तर हिशेब ९९.९९ टक्क्यांवर जातो. तेव्हा दर्जा वाढवावयाचा तो महाग वस्तू घेऊनच, असे नाही. दोन साध्या वस्तू शहाणपणाने मांडूनही तो वाढतो.

हमी मोडली तर भरपाई काय? येथे सभासदांची मोठी गैरसमजूत आहे. ॲमेझॉनच्या यंत्रसेवेची हमी ९९.९९ टक्क्यांची आहे. महिन्यातली चालू वेळ त्याखाली उतरली, पण ९९ टक्क्यांवर राहिली, तर त्या सेवेच्या बिलातील १० टक्के रक्कम पुढील बिलात वळती मिळते. तीही मागितली तर. म्हणजे पाच हजारांच्या बिलामागे पाचशे. हुकलेल्या अर्जाचे मोल त्यात धरलेले नसते. हमीपत्र हा विमा नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. सेवा चालू असणे वेगळे आणि ठेव सुरक्षित असणे वेगळे. बँकेचे दार दुपारी बंद असले म्हणून आपले पैसे बुडत नाहीत. आणि दार सताड उघडे असले म्हणून ते सुरक्षित आहेत असेही नाही. ॲमेझॉनच्या साठवणसेवेची रचना अशी आहे की, एक कोटी वस्तू ठेवल्या तर दहा हजार वर्षांत सरासरीने एखादी हरवावी. हा भरवसा यंत्रे बिघडण्यापुरता आहे. आपणच चुकून पुसले, तर ते निमूटपणे पुसले जाते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्रास आग लागून एक इमारत खाक झाली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा कित्येक ग्राहकांचा मजकूर कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगलकडील एक खासगी क्लाउड एका चुकीच्या नोंदीमुळे पुसला गेला. तेथे सहा लाखांहून अधिक सभासदांना आपली खाती कित्येक दिवस पाहता आली नाहीत. पण त्या संस्थेने दुसऱ्या कंपनीकडे एक प्रत ठेवली होती, आणि तिचा परत उभे राहण्यास मोठा उपयोग झाला. त्या दुसऱ्या प्रतीचे भाडे दरमहा देताना कोणा ना कोणा हिशेबनिसास तो व्यर्थ खर्च वाटला असेलच!

मग आम्ही काय केले? मुलीची हकीकत कळल्यावर उपसमितीची बैठक झाली. एक पक्ष म्हणाला, पुन्हा सर्व मोठे घ्या. दुसरा म्हणाला, पैसे कोठून आणता? शेवटी आमच्या एका वडीलधाऱ्या काकू, ज्यांनी संगणकाला कधी हात लावलेला नाही, त्या म्हणाल्या, “अरे, रोजचा वरणभात आणि सणाचा स्वयंपाक एकाच पातेल्यात कशाला करता? आधी पंगत किती आणि केव्हा, ते तर पाहा.” त्या वाक्याने आमचे डोळे उघडले. तोवर आम्ही ‘संगणकाचा खर्च’ असा एकच आकडा धरून भांडत होतो. मग कामे वेगळी केली आणि प्रत्येक कामास तीन प्रश्न विचारले : हे किती वेळ बंद राहिले तर चालेल? यातले किती हरवले तर चालेल? आणि अडले तर कोणाचे अडेल?

उत्तरे निरनिराळी आली. रुग्णसाहाय्याची यादी, म्हणजे रक्तदाते, रुग्णवाहिका, रात्री औषध देणारी दुकाने, ही बंद राहून चालणार नाही. पण ती आहे केवढी? चार वह्यांत मावेल एवढी. तेव्हा ती दोन ठिकाणी ठेवली, स्वयंसेवकांच्या भ्रमणध्वनींत तिची प्रत राहील अशी तजवीज केली, आणि सर्वोत्तम दर्जा तिलाच दिला. लहान वस्तूस उत्तम दर्जा देणे स्वस्त पडते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कार्यालय पुन्हा पाण्यात होते; पण यादी स्वयंसेवकांच्या हातात होती.

शिष्यवृत्तीचे काम मोसमी. त्यास आता मुदतीच्या पंधरवड्यात मोठे यंत्र लावतो, आणि गर्दी वाढल्यास दुसरे आपोआप जोडले जाईल, पण दोनांच्या वर जाणार नाही, अशी मर्यादा घालतो. मुदत संपली की सारे बंद. पंधरा दिवसांचे भाडे बारा महिन्यांच्या भाड्यापुढे काहीच नाही.

हिशेब आणि मंगल कार्यालयाची नोंदणी यांत चार तास खंड पडला तर आभाळ कोसळत नाही. कारकून वहीत टिपून ठेवतो आणि मागाहून चढवतो. त्यास साधे, स्वस्त यंत्र पुरते.

राहिली जुन्या दप्तराची छायाचित्रे. पहिल्या वर्षापासूनची इतिवृत्ते, काही मोडी कागद, देणगीच्या पावत्या. ती पाहावयास वर्षातून चार जण येतात. ती मिळण्यास अर्धा दिवस लागला तरी कोणाची हरकत नाही. पण हरवली तर पुन्हा मिळणे नाही. अशा वस्तूंसाठी कंपन्यांची थंड साठवण असते. ॲमेझॉनच्या सर्वांत खोल थंड साठवणीत माल बाहेर काढण्यास साधारण १२ तास लागतात, आणि किमान १८० दिवसांचे भाडे पडते; पण ते भाडे नेहमीच्या साठवणीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यातून जे वाचले त्यात एक तबकडी विकत घेतली, तिच्यावर सर्व छायाचित्रांची प्रत केली आणि ती विश्वस्तांपैकी एकाच्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवली. वर्षातून एकदा ती उघडून पाहतो. कारण न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे, समजूत आहे.

दरांविषयी थोडे. आपल्या मंगल कार्यालयाचेच दर पाहा. मुहूर्ताच्या दिवशी ऐन वेळी येईल त्यास पूर्ण दर. वर्षभर रोज संध्याकाळी गायनवर्ग भरवणाऱ्यास कमी दर. आणि चातुर्मासात एखाद्यास दालन जवळजवळ फुकट देतो, पण अट अशी की, कार्य ठरले तर तत्काळ रिकामे करावे. क्लाउडचेही असेच. हवे तेव्हा घ्यावे तर पूर्ण दर. एक वा तीन वर्षांचे बंधन पत्करले तर ॲमेझॉनच्या दरांत सवलत ७२ टक्क्यांपर्यंत जाते. आणि मागितल्यास तत्काळ परत द्यावयाचे यंत्र ९० टक्क्यांपर्यंत स्वस्त मिळते, पण ते काढून घेण्यापूर्वी सूचना अवघ्या दोन मिनिटांची. जुनी छायाचित्रे एकसारख्या आकाराची करणे यासारख्या कामास हे शेवटचे यंत्र उत्तम. अर्जांच्या शेवटच्या संध्याकाळी ते लावणे म्हणजे मुहूर्तावर दालन रिकामे करवण्यासारखे. तीन वर्षांच्या बंधनाचाही मोह आवरावा. जे काम तीन वर्षे खात्रीने चालणार आहे तेवढ्यापुरतेच ते घ्यावे.

आणि जकात! आपल्या गावी जकातनाके होते तेव्हा आत येणाऱ्या मालावर जकात पडे. येथे उलटे आहे. माहिती आत नेण्यास सहसा पैसे नाहीत. बाहेर काढण्यास पडतात. तेव्हा घर घेतानाच घर सोडण्याचा खर्च विचारून ठेवावा. २०२४ साली गूगल व ॲमेझॉन यांनी कायमचे सोडून जाणाऱ्यांस ही जकात माफ केली. रोजच्या वापरातली मात्र कायम आहे.

कोणी म्हणेल, मग आपलाच संगणक का नको? याचेही उत्तर एकच नाही. चित्रपट दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सची माहितीसाठवण २००८ साली बिघडली, आणि तिने हळूहळू सारे काम ॲमेझॉनकडे नेले. ते २०१६ साली पुरे झाले. ड्रॉपबॉक्स ही साठवणीचीच कंपनी. तिने २०१५ च्या सुमारास उलट वाट धरली, आपली यंत्रे मांडली, आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचवले. दोघीही आपापल्या जागी बरोबर. ज्याचे काम प्रचंड आणि बारमाही एकसारखे आहे, आणि यंत्रे राखणारी माणसे पदरी आहेत, त्यास स्वतःची विहीर परवडते. आपले काम थोडे, मोसमी, आणि यंत्रे राखावयास आपल्याकडे कोणी नाही. आपणांस नळच बरा. फक्त तोटी वेळेवर बंद करण्याची शिस्त हवी.

ती शिस्त अशी. दरमहा बिलाची छाननी दोघांनी करावी. एकाने किंमत पाहावी, दुसऱ्याने त्या महिन्यात कोणाचे काय अडले ते पाहावे, आणि दोन्ही एकाच पानावर लिहावे. खर्च ठरावीक रकमेपुढे जाताच सूचना यावी अशी व्यवस्था आहे. पण सूचना म्हणजे लगाम नव्हे, ती वाचणारा मनुष्य नेमलेला असावा. मुदतीच्या आठवड्यात एक सभासद दूरध्वनीपाशी बसावा. पान उघडले नाही तर अर्ज तोंडी घ्यावा आणि वहीत लिहावा. या शेवटच्या उपायास एक रुपयाही लागत नाही, आणि आमच्या मते सर्वांत मोठा दर्जा त्यानेच वाढला. त्या संध्याकाळी हा दूरध्वनी असता, तर ती मुलगी बसमध्ये बसण्यापूर्वीच तिचा अर्ज आला असता.

आपले बिल आज पहिल्या वर्षाहून पुष्कळ कमी आहे. मात्र कात्री लावलेल्या वर्षाहून थोडे अधिक आहे. ते अधिक का, असे कोणी पुढील सभेत विचारले, तर आम्ही त्यांस आकडा दाखवणार नाही. अर्जांची वही दाखवू. संस्थेचा पैसा देणगीदारांचा आहे, म्हणून तो जपून खर्चावा हे खरेच. पण संस्था ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या पदरातून तो वाचवू नये.